निरोपातली साखर

राजमान्य राजेश्री केवलरामदादा, मुक्काम आमगाव, यांस चिचगडहून आपल्या बहिणीचा नवरा ईश्वरदास याचा हात जोडून नमस्कार. आपला खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इकडे देवका खुशाल आहे. (असे मी धरून चालतो, कारण ती माझ्याशी बोलत नाही.)

आपणास ठाऊकच आहे, मी लाकडाच्या डेपोवर मुनशी. तिथे मंगरू आणि शालीकराम ही जोडी आरा, म्हणजे ती दोघांची लांब करवत, ओढते. मंगरू वर, खड्ड्यावर आडव्या टाकलेल्या ओंडक्यावर उभा, शालीकराम खाली खड्ड्यात. बाजारच्या झुंजीत मंगरूचा कोंबडा पळाला, शालीकराम हसला आणि दोघांचा अबोला झाला. आता न बोलता आरा कसा चालणार? म्हणून मी काठावर उभा राहून निरोप पोचवू लागलो. खालून यायचे, 'त्या बैलाले सांगा, नीट धर.' मी वर सांगायचो, 'मंगरूभाऊ, शालीकराम तुझ्या हाताची तारीफ करतो, जरा नीट धर म्हणतो.' (जोडावे, तोडू नये, हे आपणच मला शिकवलेत.) काम इतके सुरळीत चालले की ठेकेदाराने माझी पाठ थोपटली.

परवा मोठा सागाचा ओंडका चढवला आणि खालचा टेकू सुटू लागला. तो दिसत होता फक्त शालीकरामाला. तो मला ओरडला, "टेकू सरकून राहिला! त्या गधड्याले थांबवा, नाही तं मरते तो!" दादा, तसेच्या तसे सांगायला मी तोंड उघडले. पण जिभेला सवय लागलेली. आऱ्याच्या घरघरीत मी वर ओरडलो, "मंगरूभाऊ, शालीकराम म्हणतो, दमला असशील, जरा थांब." मंगरूचा ऊर भरून आला. "त्याले सांगा, मी नाही थकलो," म्हणत तो दुप्पट जोराने ओढू लागला.

शेवटी शालीकरामाने मूठच सोडली. आरा थांबला, तसा तो अबोला मोडून बोंबलला, "मंगऱ्या, उडी मार!" मंगरूने उडी मारली आणि ओंडका खड्ड्यात गेला. खड्ड्यात शालीकराम होता. वर नुसती धूळ उठली. मग धुळीतून एक शिवी आली. (तशी गोड शिवी मी जन्मात ऐकली नाही.) तो कोपऱ्यात अंग चोरून वाचला होता.

मंगरूने त्याला रडतच वर ओढले. "तूच तं म्हणला, दमला असशीन!" "मी? मी कायले म्हणू?" मग दोघांनी माझ्याकडे पाहिले. संध्याकाळी दोघे गळ्यात गळा घालून आमच्या घरी आले आणि देवकाला सगळे सांगून गेले. तिने पळी खाली ठेवली. "माझ्या मायचे निरोपबी असेच सांगत होते का तुमी?" मी 'नाही' म्हणालो. तेव्हापासून ती फक्त बकरीशी बोलते. (जेवायला वाढले हेही बकरीलाच सांगते.)

आपला भोळा मेहुणा,
ईश्वरदास

ता. क. मुन्नालाल गाडीवानाच्या तोंडी आपण कळवले होते की आईंना आता दिसत नाही, त्या सारखे देवकाचे नाव घेतात. मी घरात सांगितले की आई मजेत आहेत, वाकळ शिवत आहेत. तरी आपण यावे, पण आधी डेपोवर मला भेटावे, म्हणजे काय सांगायचे ते ठरवू.

पुन्हा ता. क. राहवले नाही, आत्ताच उठून तिला सगळे खरे सांगितले. ती बकरीला म्हणाली, "पाह्य, मले बोलतं कराले हे आता मायले आंधळी करून राहिले." दादा, डेपोवर येऊ नका. थेट घरी या, लवकर या.