बंद लिफाफ्यातली खेळी

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
२४ नोव्हेंबर १९९८

प्रिय लोकेश,

अक्षर ओळखलं असशील, आणि सात वर्षांनी या उत्तमला आता काय हवंय, असंच मनात आलं असेल. बरोबरच आहे. तुझ्या जागी मी असतो तर पत्र आधी उजेडात धरून पाहिलं असतं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. भय्याने घातलेलं दूध मी अजून बोटावर घेऊन बघतो, आणि आनंदी म्हणते, सप्तपदीलाही मी भटजी एखादं पाऊल खातात की काय म्हणून मोजत होतो. तेव्हा जे लिहितोय ते शेवटपर्यंत वाच, मग फाडायचं तर फाड.

क्लब चालू आहे. हॉल तोच, रेशन दुकानाच्या मागचा, आणि नाथा अजून तिसऱ्या पटावर पहिल्या दहा खेळ्यांतच वजीर बाहेर काढतो. पंधरा नवी मुलं आलीत. लीगची ढाल मात्र कधीच आली नाही. जवळ आली होती ती एकदाच, एक्क्याण्णव साली, आणि ती कुणामुळे गेली हे क्लबात सगळ्यांना पाठ आहे. तुझं नाव घेतात. मीच कधी अडवलं नाही.

नोव्हेंबरातला तो शेवटचा सामना आठव. समोर वसईचा संघ, त्यांचा कप्तान दत्ताराम, आपला मी. चार पटांपैकी तीन संपले होते, दीड-दीड. उरला होता पहिला पट, तुझा. वेळ संपली म्हणून डाव तहकूब झाला, पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करायचा. खेळी तुझी होती. नियमाप्रमाणे तू ती पटावर न करता कागदावर लिहिलीस आणि लिफाफ्यात बंद केलीस. तोंडावर दोन्ही कप्तानांच्या सह्या झाल्या, आणि यजमान म्हणून लिफाफा माझ्याकडे आला. सगळे तुला घेरून विचारत होते, काय लिहिलंस? आठवडाभर मिळून अभ्यास करू. तू हसून म्हणालास, "लिफाफ्यातली खेळी लिफाफ्यातच बरी." नाथा रुसला. माझ्या मात्र डोक्यात किडा वळवळला. आपल्याच माणसांपासून लपवण्यासारखं यात काय आहे?

मग जे दिसेल ते त्याच चष्म्यातून दिसायला लागलं. दत्ताराम तुझ्याच ऑफिसात, हे मला आधीपासून माहीत होतं. पण सोमवारी तू त्याच्या स्कूटरवर मागे बसून आलास आणि फाटकापाशी उतरलास, तेव्हा मी पानाच्या टपरीआड उभा होतो. उतरल्यावर तुम्ही पाच मिनिटं बोलत होतात. मी घड्याळ लावून पाहिलं. मंगळवारी बेव्हर्ली पार्कला तुझ्या घरी आलो, तर तू पट झाकून ठेवलास आणि चहाचं विचारलंस. घरी येताना माझी खात्री पटली होती की कुठेतरी पाणी मुरतंय.

रविवारी पंचांनी लिफाफा फोडला. सगळ्यांना वाटत होतं, तू हत्तीने शह देणार. तू तर कडेचं प्यादं एकच घर पुढे सारलं होतंस. इतकी गुपचूप, इतकी सुंदर खेळी आपल्या हॉलमध्ये पुन्हा झाली नाही, हे आज लिहितो. तिच्यावर माणसाने अर्धा तास डोकं धरून बसावं. पण समोर बसलेल्या दत्तारामने घोटभर पाणी प्यायलं आणि लगेच घोडा मागे घेतला. ती एकच खेळी तुझा डाव बुडवणारी होती. नाथा माझ्या कानाशी आला, "कप्तान, दाल में कुछ काला है. ह्याला आधीच माहीत होतं."

तू हरलास, ढाल वसईला गेली, आणि आपण मीटिंग घेतली. खेळी फक्त लोकेशला माहीत होती, मग फुटली कुठून, हाच एक प्रश्न. मला विचारलं, लिफाफा कुठे होता? मी सांगितलं, माझ्या कपाटात, किल्लीबंद. ते खरं होतं. स्कूटरची गोष्टही मीच सांगितली, पाच मिनिटांसकट. तू एवढंच म्हणालास की दत्तारामशी मी बदलीच्या अर्जाबद्दल बोलत होतो, आणि हॉलची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेलास. तुझ्यावर शंका घेणं सगळ्यांना इतकं सोपं का गेलं, हेही मला कळत होतं. क्लबात आम्ही सारे मुंबईहून आलेले, एकमेकांचे साडू-मेहुणे. तू एकटा मराठवाड्यातून आलेला, घरी बाबासाहेबांची तसबीर असलेला. कुणी तोंडाने काही बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही.

आता जे आनंदीलाही परवापर्यंत माहीत नव्हतं ते ऐक. त्या मंगळवारी तुझ्याकडून परतल्यावर मी चहाचं आधण ठेवलं आणि तुझा लिफाफा वाफेवर धरला. सह्या बॉलपेनच्या होत्या, फुटल्या नाहीत. तू काही दगाफटका करतोयस का, एवढंच बघायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खेळी वाचली आणि थक्क झालो. लिफाफा डिंकाने चिकटवून कपाटात ठेवला, आणि बाहेरच्या खोलीत पटावर तुझा डाव मांडला, प्यादं पुढे सारून. आठवडाभर येताजाता बघत होतो. कुणाला एक शब्द बोललो नाही. म्हणून तर रविवारी माझी खात्रीच झाली, की मी सांगितलं नाही म्हणजे तूच सांगितलंस!

परवाच्या रविवारी दत्ताराम धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. खुर्चीत बसताच म्हणाला, "काय वहिनी, आज पट रिकामा?" आणि हसला. आनंदी भोळेपणाने म्हणाली, "मागच्या खेपेला थोरलीची पत्रिका द्यायला आलात, हे घरी नव्हते, तेव्हा पट बघता बघता तुमचा चहा गार झाला होता." दत्तारामचं हसणं थांबलं. थोरलीचं लग्न एक्क्याण्णवच्या डिसेंबरातलं, म्हणजे पत्रिका आली ती नेमकी त्याच आठवड्यात. मी त्या लग्नात जिलेबी खाऊन आलोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं सगळ्या गावावर नजर ठेवली आणि स्वतःच्या बैठकीच्या खोलीवर ठेवली नाही. पहिलं पाप मात्र दत्तारामचं नाही. मांडलेला डाव त्याने फक्त पाहिला. मांडला मी होता.

हे लगेच लिहायला हवं होतं, पण दोन दिवस मी पुन्हा हिशेब करत बसलो, की न सांगितलं तर कुणाला कळणार आहे? आज संध्याकाळी शाळांच्या संघासाठी निवड होती. एक आठवीतली मुलगी आली, संघप्रिया. फॉर्मवर तुझं नाव वाचून नाथाने मला बाजूला घेतलं. "त्याचीच पोरगी आहे. टीममध्ये घेताना जपून हां." मी तिच्या पटापाशी जाऊन उभा राहिलो. ती प्रत्येक खेळी आधी कागदावर लिहीत होती आणि तळहाताने झाकत होती. मी विचारलं, माझ्यापासून कशाला झाकतेस, मी तर इथला कप्तान. मान वर न करता म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, खेळायच्या आधी कुणालाच दाखवायची नाही. कप्तानाला तर नाहीच."

तेव्हा मला तो रविवार आठवला. सह्या तपासायला मी लिफाफा तुझ्या हातात दिला, तेव्हा पंचांकडे देण्याआधी तू त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला होतास, आणि माझ्याकडे पाहिलं होतंस. तुला डिंक लागला होता, लोकेश. तुला तेव्हाच कळलं होतं, आणि मीटिंगमध्ये तू माझं नाव घेतलं नाहीस. येत्या रविवारी या पत्राची नक्कल मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचणार आहे, नाथाला पुढच्या खुर्चीवर बसवून. संघप्रिया संघात आहे, पहिल्या पटावर. हे पत्र तिच्याच हाती उद्या देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही. तिने वाटेत वाचलं तरी चालेल.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच
उत्तम