खिडकीखालचा ओटा

मंगळवार, संध्याकाळ. मिरजगाव.

नागापूरच्या खोलीचा फोटो मी कुणालाच दाखवला नव्हता. ह्यांनाही नाही. वेगळं राहायचं अजून ठरलंय कुठं? ह्यांच्या कंपनीजवळ म्हणून नुसती बघून आले, खिडकीखालचा हिरवा ओटा आवडला, फोटो काढला. आणि आज भाजी निवडताना सासूबाई म्हणतात, "खिडकीखाली ओटा हाय म्हनं. वाऱ्यानं गॅस इझंल की गं."

मेथी तशीच टाकून मी आत आले.

मग मोबाईल घेऊन बसले. फोटो आपोआप ज्या खात्यात जाऊन साठतात ते माझं नाहीच, नणंदेचं, कोमलचं. दिवाळीत तिनंच माझा नवा फोन सुरू करून दिला होता. "नवा मेल कशाला वहिनी, माझाच टाकते." केवढं कौतुक वाटलं होतं मला! म्हणजे तेव्हापासूनचं सगळं तिनं पाहिलं? रडून सुजलेल्या डोळ्यांचा माझा फोटो, तोही? या घरात तीच एक आपली वाटायची.

ओट्याचा फोटो डिलीट केला. ट्रॅशमधूनही काढला.

पाच मिनिटांत तिचा फोन. आवाज नेहमीसारखाच गोड.

"वहिनी, ओट्याचा फोटो चुकून उडाला का हो? माझ्याकडं सेव्ह हाय. पाठवू?"