फळ्यांखालचा हौद

प्रिय आई,

खोकला बराचसा थांबलाय, काळजी नसावी. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझ्या माहेरच्या चॅपलच्या दुरुस्तीचं काम संपलं. पूर्वी इथले लोक नदीत बुडी घेऊन बाप्तिस्मा घेत. मग त्यांनी व्यासपीठासमोर, फळ्यांखाली दगडी हौद बांधला. त्यात उतरायच्या तुझ्या वेळच्या झिजलेल्या पायऱ्या मी बदलल्या नाहीत, फक्त सांधे भरले.

काल हौद भरला. उंच खिडक्यांतलं ऊन पाण्यावरून छतावर गेलं आणि सगळं चॅपल संथ डोलू लागलं.

चॅपलचा कारभार अजूनही बघणारे म्हातारे डीकन प्रॉसर म्हणाले, "गळणार नाही ना रे, शहाण्या?"

"माझं काम गळत नाही."

"मग आधी तूच उतर. पन्नाशी आली, अजून बाप्तिस्मा नाही."

तूही इतकी वर्षं हेच म्हणत आलीस. रविवारी उतरतोय. येताना जाड टॉवेल आण.

तुझा हट्टी,
इडवाल