लाँग म्हणजे लांब नव्हे

गुरुवार, ता. ८ मार्च १९८४

ती. स्व. दिनानाथदादा यांस,

तुमच्या बहिणीचा नवरा (अजून असलो तर) गोविंदा याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? मिठागरात यंदा मीठ बरं पिकतंय ना? काशीवहिनींचा मोडलेला पाय जुळला असेल तर शकूचं तिथलं काम संपलं, असं मी म्हणत नाही, नुसतं विचारतो. माझी तब्येत विचाराल तर विचारू नका.

वहिनींच्या पायासाठी शकू तुमच्याकडे आली त्याला तीन महिने झाले. पहिल्या पंधरवड्यातच तिचं पोस्टकार्ड आलं. आमच्या आळीत पोस्टकार्ड माझ्या हाती येण्याआधी पोस्टमन, वाणी आणि शेजारच्या गिरजाबाई असे तिघे वाचतात (गिरजाबाई मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवतात). म्हणूनच असेल, बारावीपर्यंत शिकलेल्या तुमच्या बहिणीने शेवटची ओळ इंग्रजीत लिहिली: आय लाँग फॉर यू. गिरजाबाई म्हणाल्या, "विंग्रजीत लिवलंय म्हंजे भांडानच हाय!" मलाही पटलं. कंपनीत दहा वर्षं लाँग पाइप आणि लाँग बूट यांच्यात काढली. लाँग म्हणजे लांब एवढं इंग्रजी मला येतं. म्हणजे बाईसाहेबांना मी लांबच बरा. डोक्यात राख घालून घेतली आणि उलट कार्ड टाकलं: लांब तर लांब, तिकडेच राहा. (तेही तिघांनी वाचलं. गिरजाबाईंनी शाबासकी दिली.)

गेल्या महिन्यात कोलाडला चहाच्या टपरीवर आमचे जुने काळुराम मास्तर भेटले. बायको कशी आहे बघा, म्हणून तेच कार्ड पुढे केलं. मास्तरांनी आधी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आरं, ती तुझ्यासाठी झुरते हाय!" म्हणाले. इंग्रजीत लाँग म्हणजे ओढ लागणे. आणि मूळ शब्द लांबचाच. फार जुने इंग्रज म्हणे 'मला लांबतं' असंच म्हणायचे. आपलं माणूस जवळ नसलं की दिवस लांब होतो, त्यातून ही ओढ आली. दादा, माझा चहा कपातच राहिला. तिने जीव उघडा करून पाठवला आणि मी त्यावर दार लावलं. त्यानंतर तिच्या नावाने दोन बंद पत्रं पाठवली, दोन्ही न फोडता परत आली.

आता मात्र खरंच लांबतंय. पहिली पाळी तीनला सुटते आणि तिथून दिवेलागणीपर्यंत आठवडा जातो. कुंडलिकेवरचा पूलसुद्धा वाढलाय. भात रोज करपतो, तसाच गिळतो. येऊन पाय धरावेत, तर तिने दारातूनच परतवलं तर पुढे जगायचं कसं, हे मला ठाऊक नाही. (ही भीती शकूला अजिबात कळू देऊ नका.)

वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला गाढव,
गोविंदा

ता. क. रविवारी सकाळच्या एस.टी.ने पेणच्या स्टँडवर उतरेन. तिथे कुणी आलेलं नसलं तर समजून घेईन आणि दुपारच्या गाडीने माघारी फिरेन.

आणखी ता. क. दादा, तुम्हांला अक्षरओळख नाही आणि तुमची पत्रं शकूच वाचून दाखवते, हे मी विसरलेलो नाही. तिच्या नावाचं पत्र ती फोडत नाही, तुमचं फोडावंच लागणार. शकू, आता पुढचं मोठ्याने वाचू नको. मला लांबतंय गो.