अर्धा हात

११ फेब्रुवारी, बुखारेस्ट

आज टीव्हीवर माती खाल्ली.

मुलाखत माझ्या आरोग्य विधेयकाची. ती बाई विचारते, एवढी कलमं, युतीतल्या तीन पक्षांची तोंडं तीन दिशांना, जमणार का तुम्हाला? मी तोऱ्यात म्हणाले, "अर्ध्या हातानं करून दाखवीन." ती हसत सुटली. "अर्ध्या? म्हणजे मनगटापर्यंत की कोपरापर्यंत, मंत्रीबाई?"

आम्ही रोमेनियातले हंगेरियन. आमच्या भाषेत दोन हात म्हणजे मिळून एक. त्यातला एक तो अर्धा. एका डोळ्यानं आंधळा असेल तर आम्ही म्हणतो, अर्ध्या डोळ्यानं आंधळा. रोमेनियनमध्ये असं म्हणत नाहीत हे मला शाळेपासून माहीत आहे, छड्या खाल्ल्यात त्यावर. औषधाचं दुकान चालवलं, मग नगराध्यक्ष झाले, खासदार, आता आरोग्यमंत्री — आणि अजून घाईत बोलले की जीभ वळते ती गावाकडेच.

१२ फेब्रुवारी

सगळ्या देशाच्या फोनवर मी. कुणीतरी माझा हात कोपरापासून पुसून टाकलाय. खाली लिहिलंय — अर्धी मंत्री.

लविनिया माझी प्रसिद्धी सांभाळते. चलाख पोरगी. म्हणाली, "मॅडम, रागावू नका. तुम्हीच हसा. हसलात की लोकांना आपल्यातल्या वाटाल." तर हसले. हात बाहीत अर्धा ओढून फोटो काढून घेतला आणि खाली टाकलं — 'उरलेला कामात आहे.' लोक एकदम खूश. मंत्रिमंडळाच्या बैठकीत वाहतूकमंत्री म्हणतो, "ताई, अर्धा हात मिळवा की." मिळवला.

संध्याकाळी बाबांचा फोन. "हसलीस का गं?"

"चुकलं ना बाबा माझं."

"काय चुकलं? आपण तसंच म्हणतो. तुझी आजी जन्मभर तसंच म्हणाली."

मग त्यांनी फोन आईकडे दिला. आईनं विचारलं, जेवलीस का.

२० फेब्रुवारी

या विधेयकातलं एकच कलम माझं. बाकीची सगळी युतीची.

ज्या जिल्ह्यात पाचांत एक माणूस हंगेरियन, तिथल्या रुग्णालयात प्रत्येक पाळीला आमची भाषा कळणारं एक तरी माणूस हवं. डॉक्टरच पाहिजे असं नाही. झाडूवाली चालेल. कुठे दुखतंय ते ऐकेल आणि पुढे सांगेल, बस्. राजकारणात आले ती यासाठी. म्हातारी माणसं रुग्णालयातून रोमेनियन कागद घेऊन माझ्या दुकानात यायची, आणि त्यांना काय झालंय ते मी सांगायचे. खोकल्याच्या बाटल्यांसमोर उभं राहून मी लोकांना कॅन्सर सांगितलाय.

आज चोंगोर आला, आमचा पक्षाध्यक्ष. आल्या आल्या कॉफीत साखर ढवळत बसला, तेव्हाच ओळखलं.

"रेका, ते कलम ऑक्टोबरच्या अधिवेशनात घेऊ."

"का?"

"युतीतल्या बाकीच्यांना जड जातंय. त्यात तू ते हाताचं करून ठेवलंस. लोक म्हणतात, मंत्री झाली तरी हिला भाषा येत नाही, आणि वर आमच्या पैशानं दुभाषे पाहिजेत."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर आपला पक्ष सरकारबाहेर. आपल्या जागी कोण येणार ते तुला माहितेय. आपल्या गावांच्या हंगेरियन पाट्यांना काळं फासणारे. त्यांच्या ताब्यात शाळा द्यायच्या? सांग, तू म्हणशील तसं करतो."

दर वेळी हेच. आणि दर वेळी त्याचं खरं असतं, म्हणून तर मला त्याचा राग येतो. "लेखी देतायत का?" म्हटलं. तर म्हणे, "शब्द दिलाय."

२१ फेब्रुवारी

कलम काढलं. मीच काढलं.

३ मार्च

बाबा.

बैठकीत होते म्हणून आईचा फोन घेतला नाही. एकदाही नाही. नीट लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी लाकडं फोडताना बाबांच्या हातातून कुऱ्हाड गळाली. आईनं शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलं. माझा जिल्हा, माझं खातं. बाबांचं रोमेनियन सैन्यातलं, त्यांना बंदुकीचे सगळे भाग येतात, अंगाचे येत नाहीत. तरी सांगितलं त्यांनी — "अर्धा हात उचलत नाही."

तिथला तरुण डॉक्टर हसला. आई शपथेवर सांगते, हसला. नर्सला काहीतरी म्हणाला, ते शेजाऱ्याला कळलं — "उरलेला कामात आहे वाटतं."

माझं वाक्य. मी पुरवलेलं.

मग बोटं बघितली, मनगट दाबून बघितलं. म्हणे लाकडं फोडून शीर आखडली, या वयात व्हायचंच. मलम दिलं. आई हंगेरियनमध्ये ओरडत होती, अहो हात गेलाय त्यांचा, तोंड बघा, तोंड वाकडं होतंय! नर्स म्हणाली, "आजी, रोमेनियनमध्ये बोला." आईला रोमेनियनमध्ये नमस्कार येतो, आभार येतात, आणि पाव केवढ्याला ते विचारता येतं. शेजारी गाडी हलवायला बाहेर गेलेला. त्यांना घरी पाठवलं.

दुपारी सूप पिताना चमचा पडला. मग बाबाच पडले.

५ मार्च

सगळे फार चांगले वागतायत. पंतप्रधानांनी स्वतः फोन केला, हेलिकॉप्टर दिलं. मी नाही म्हटलं नाही. बाबा आता इथे बुखारेस्टमध्ये, देशातल्या सर्वांत चांगल्या विभागात. उजवी बाजू गेली. वाचा गेली. डोळे उघडे आहेत, पण मला ओळखतात की नाही सांगता येत नाही.

त्या डॉक्टरला निलंबित करू का म्हणून विचारायला खात्यातून माणूस आला. काय सांगू? सगळा देश हसला त्यावर तोही हसला.

वॉर्डातल्या नर्सला विचारलं, इथे कुणाला हंगेरियन येतं का. म्हणाली, "तुम्ही आहात की, मंत्रीबाई." अगदी मायेनं म्हणाली.

९ मार्च

पंतप्रधानांकडे जाऊन म्हटलं, कलम परत घाला. त्यांनी चहा मागवला. "आधी वडिलांकडे बघा. मन थाऱ्यावर नसताना असले निर्णय घेऊ नयेत." म्हटलं, मन थाऱ्यावर होतं तेव्हाच तर काढलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

चोंगोरला सांगितलं, राजीनामा देते. तो चिडलासुद्धा नाही. "दे. उद्या तुझ्या खुर्चीत त्यांचा माणूस बसेल आणि ऑक्टोबरही जाईल. वर म्हणतील, बापाच्या आजारपणाचं भांडवल केलं."

घरी येऊन भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

१२ मार्च

आई बाबांच्या उशाशी बसून दिवसभर बोलते. कोंबड्या, शेजारीण, कुणाच्या पोरीचं लग्न मोडलं. बाबा छताकडे बघतात.

दुपारी एक मुलगी त्यांना बोलायला शिकवायला येते. चित्रं दाखवते, घर, मांजर, पाव. सगळं रोमेनियनमध्ये, तिला दुसरं येत नाही. चांगली आहे, दमत नाही. मी म्हटलं, "बाबांना हे आवडणार नाही." सैन्यात असताना त्यांना सक्तीनं समुद्राकडे कालवा खणायला धाडलं होतं. परत आल्यावर घरात त्यांनी कधी रोमेनियन शब्द काढला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, तिकडे पोटभर बोललो.

आई म्हणाली, "असू दे गं. कशानंतरी तोंड उघडू दे त्यांचं."

१७ मार्च

विधेयक मंजूर. मीच मांडलं, बोललेही बरी, एकही चूक नाही. नेमकं मतदानाचं यंत्र बंद पडलं, म्हणून हात वर करायला सांगितले. विरोधी बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "ताई, अर्धाच करा वर!" सभागृह हसलं. चोंगोरही, मान खाली घालून.

मी पूर्ण केला वर.

१९ मार्च

बाबा बोलले.

त्या मुलीनं त्यांचा डावा हात उचलून विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, "एक हात." रोमेनियनमध्ये. स्वच्छ. मग खिडकी, पाणी, पाव, फावडं, बंदूक. एकामागून एक. ती आनंदानं रडायला लागली.

मी आपल्या भाषेत म्हटलं, बाबा, मी रेका. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या मुलीला रोमेनियनमध्येच, अदबीनं विचारलं, "या बाई काय म्हणतायत?"

आई माझी बाही ओढत होती. "काय म्हणाले गं? सांग ना, काय म्हणाले?"