हिरवा फुटवा

४ ऑगस्ट

आलो एकदाचा. टॅक्सीतून सामान ठमीनं उतरवलं, मी फक्त हिचं, ठमीच्या आईनं मागं ठेवलेलं, झाड उतरवलं. प्रवासभर कुंडी मांडीवर होती. ड्रायव्हर म्हणाला, आजोबा, नातवाला नीट धरा. त्यावर ठमी इतकी हसली की तिला ठसका लागला. चाळिशी उलटली तरी माझी लेक अजून पाचवीतल्यासारखी हसते.

जावयाची बदली झाल्यापासून तिचा एकच धोशा, बाबा, आमच्याकडे चला. पण त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हिचं झाड कुठं ठेवणार? इथं मागच्या अंगाची ऐसपैस खोली आहे, बागेवर उघडणारी खिडकी आहे, आणि खिडकीपाशी लिहायचं टेबल. बागेला थोडा हात लावायचा, एवढीच अट.

मालकीणबाई माझ्याच वयाच्या, पण पहिल्याच वाक्यात मला काका म्हणाल्या. मीही त्यांना काकू म्हणून फिटंफाट केली. बाई हरहुन्नरी आहेत. माझं बंद पडलेलं मनगटी घड्याळ पाहिलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बोलता बोलता चालू करून दिलं. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी इंजेक्शन टोचून घ्यायला आली. तेही ह्याच देतात, हलक्या हातानं. कुठं शिकलात एवढं, म्हणून विचारलं. म्हणाल्या, भाडेकरूंकडून. माणसं राहतात, जाताना काहीतरी ठेवून जातात.

केवढं छान वाक्य. उतरवून ठेवलं.

९ ऑगस्ट

बागेत ब्रुगमन्सियाशिवाय दुसरं काही नाही. धोत्र्याची ही उंच, देखणी बहीण. धोत्र्याचं फूल तोंड वर करून बघतं, हिचं खाली लोंबतं. पाठांतर चुकलेली मुलगी बाकावर मान घालून उभी राहते ना, तसं. दिवेलागणीला त्या फुलांना असा वास सुटतो की माणूस वाक्य अर्धं टाकून उभा राहतो.

हिचं झाड त्याच कुळातलं. साधी हिरवी पानं, साधी पांढरी फुलं. काकूंची मात्र सगळी कबरी. पानांच्या कडांना सायीसारखी पांढरी किनार, कुठं अर्धं पान हिरवं आणि अर्धं कोरं. व्हेरिगेटेड म्हणायचं म्हणे. मी कबरीच म्हणतो, मांजरासारखी.

आज काकूंनी माझी शिकवणी घेतली. पानावर पांढरं दिसलं की पहिला प्रश्न विचारायचा, ही जात आहे की रोग? रोगाचं पान सुरकुततं, डाग वेडेवाकडे पडतात, आणि शेजारच्या फांदीला लागण होते. जातीचं पांढरं आपल्या फांदीपुरतं राहतं, दुसऱ्याला लागत नाही. आणखी एक सांगितलं. पांढऱ्या भागाला ऊन खाता येत नाही. तो हिरव्याच्या जिवावर जगतो. पण हिरवा असतो दांडगा, म्हणून कबऱ्या झाडाला बुंध्याशी निखळ हिरवा फुटवा आला की तो लगेच छाटायचा. राहिला तर सगळं झाड पुन्हा हिरवं करून टाकतो.

झाडांना हात लावल्यावर हात धुवायचे, डोळ्यांना लावायचे नाहीत. विषारी आहेत.

प्रत्येक कुंडीत नावाची पाटी आहे. नवी जात निघाली की नाव ठेवायचा मान लावणाऱ्याचा. काकू त्या वेळच्या भाडेकरूचं नाव देतात. नर्सबाई. घड्याळवाले. मी म्हटलं, शाळेच्या कारकुनाच्या नावाचं झाड कोण विकत घेणार? काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, मी विकत नाही.

१७ ऑगस्ट

आज हिची फार आठवण आली.

माझी जन्मभराची नोकरी एका भिंतीला पाठ लावून गेली. भिंतीच्या अलीकडे माझं टेबल, पलीकडे दुसरीचा वर्ग. त्या वर्गावर ही होती. चेहरा दिसायच्या आधी मला तिचा आवाज पाठ झाला. मुलं कविता घोळवायची आणि मी हजेरीपटावर ताल धरायचो. हेडमास्तर म्हणायचे, कारकून, तुम्हालाही दुसरीत बसवू का?

तिनं स्वतः रचलेली एक कविता होती. कुठं छापली नाही, फक्त आमच्या भिंतीला ठाऊक.

खिडकीत माझ्या ऊन बसे,
मांजर होऊन डोळे पुसे,
हळूच म्हणे, ऊठ ना गं,
दिवस आला माझ्यामागं.

‘पुसे’ म्हणताना ती थोडी थांबायची. ठमीला रोज ह्याच कवितेनं उठवायची. हिच्या आवाजातलं आता एवढंच उरलंय. तिचं झाड आणि ह्या चार ओळी. झाडाला पाणी घालताना मी त्या रोज पुटपुटतो. आज मान वर केली तर काकू झारी घेऊन मागं उभ्या. कधीपासून, कोण जाणे.

२ सप्टेंबर

माझ्या मनात नव्हतं, पण झालं. काकू आठवडाभर मागं लागल्या होत्या. असा निरोगी खुंट मिळत नाही काका, ह्यावर माझं एक पाचर कलम बसू द्या. तुमचंच झाड, वर एक कबरी फांदी, जोडीला जोड. बेचकं फुटल्यावरची, म्हणजे खोड दुभंगतं त्याच्या वरची, काडी घेतली की लवकर फुलते, हेही सांगितलं. नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही. त्यांनी खुंटाला चीर दिली, पाचर बसवली, पट्टी गुंडाळली. हात नर्सचा.

एक गोष्ट खटकली. कलम बांधताना त्यांनी झाडाच्या वयाचं काही विचारलं नाही. हिच्याबद्दल विचारत राहिल्या. कशी बोलायची, रागावल्यावर काय म्हणायची, लेकीला कशी हाक मारायची.

मी सगळं सांगितलं. ऐकणारं माणूस किती दिवसांनी मिळालं होतं.

२१ सप्टेंबर

कलम जगलं. कबरी पानं फुटली.

सकाळी पाणी घालताना कवितेची तिसरी ओळ आठवेना. उन्हाचं काहीतरी हळूच म्हणणं असतं. काय म्हणतं, ते नाही. मागचं पान उघडून वाचली तेव्हा कळली. वय झालं, दुसरं काय.

डोळ्यांपुढं अंधुक दिसतं म्हणून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडं गेलो. त्यानं माझ्या बाहुल्या बघितल्या आणि विचारलं, त्या फुलांच्या घरात राहता का? दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. म्हणाला, हे तिथल्या घड्याळवाल्यांनी दुरुस्त केलं होतं. गल्लीत त्यांच्या हाताला तोड नव्हती. शेवटी शेवटी त्यांना तास काटा कुठला नि मिनिट काटा कुठला, कळेना. मुलगा न्यायला आला तर त्यालाच विचारलं, तुम्हाला कोण हवंय?

मी विचारलं, मग आता गल्लीची घड्याळं कोण दुरुस्त करतं?

औषधवाल्यानं थेंबांची बाटली पुडीत बांधली आणि म्हणाला, तुम्हाला माहीत आहे की.

३० सप्टेंबर

काकूंचा चहा बंद केला. पित्त होतं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं. वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. चहात काही असतं तर वाटलं असतं.

आता माझं माझं करून खातो. तरी फरक नाही. काल हिच्या हातावर कसला तरी डाग होता तो आठवत होतो. भाजल्याचा की जन्मखूण? की डाग नव्हताच?

ठमीला फोन केला. म्हटलं, आईच्या हातावर काय होतं गं? ती म्हणाली, बाबा, हे तुम्ही कालच विचारलंत.

८ ऑक्टोबर

हिच्या झाडाची खालची पानं तपासली. खालची, म्हणजे कलमाच्या खालची, तिची स्वतःची. तीन पानांना पांढरी किनार आली आहे. पानं सुरकुतली आहेत. डाग वेडेवाकडे.

ही जात नाही. जातीचं पांढरं दुसऱ्याला लागत नाही, हे त्यांनीच शिकवलं.

काकूंना दाखवलं. म्हणाल्या, खुंट मनानं मऊ असला की होतं असं. आणि झाडू मारत पुढं गेल्या. झाडता झाडता गुणगुणत होत्या, खिडकीत माझ्या ऊन बसे, मांजर होऊन डोळे— इथं थांबल्या. मग ‘पुसे’.

मी कविता म्हटली असेन, त्यांनी ऐकली असेल. पण ते थांबणं मी कधी म्हणून दाखवलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर

झाडाच्या बुंध्याशी, वाटेकडच्या बाजूला, एक हिरवा फुटवा आलाय. निखळ हिरवा. करंगळीएवढा.

छाटला नाही. कुंडी फिरवून तो भिंतीकडं केला. ऊन तिथंही येतं. काकूंना सांगितलं नाही. उभ्या जन्मात मी साहेबांपासून टाचणी लपवली नाही, आणि ह्या वयात फुटवा लपवतोय.

२२ ऑक्टोबर

फुटवा वीतभर झाला.

आज सकाळी पान न उघडता सबंध कविता म्हटली. चारही ओळी. शिवाय एक कडवं आठवलं, जे मी विसरलोय हेही विसरलो होतो.

पाटीवर मी काढीन घर,
पाखरू बसेल कौलावर.

डाग भाजल्याचा होता. ठमीच्या बारशाला दूध उतू गेलं तेव्हाचा. बाहेर पाहुणे नि आत ही हात फुंकत हसतेय. सगळं दिसलं, आवाजासकट.

आणि आज काकूंना शेजारच्या म्हातारीची शीर सापडली नाही. दोनदा टोचलं. म्हातारी म्हणाली, आज काय झालंय तुझ्या हाताला? काकूंनी सुई खाली ठेवली आणि बागेकडं बघत राहिल्या.

२३ ऑक्टोबर

कुंडी घेऊन इथून जायचं. ठरलं.

उचलायला गेलो तर हलेना. खालच्या भोकातून मुळं जमिनीत गेली आहेत. कुंडी मी बागेतल्या फरशीवर ठेवली होती, गेल्या आठवड्यात फिरवली तीही तिथंच. मातीत कुणी ठेवली?

कात्री, करवत, चाकू सगळं काकूंच्या कपाटात. कपाटाला कुलूप. कलमाची फांदी हातानं मोडायला बघितली. मोडली नाही. चीक हाताला लागला. हात धुतले. धुतले बहुतेक.

२५ ऑक्टोबर

फुटवा नाही. बुंध्याशी तिरका, स्वच्छ काप.

काकू समोरच उभ्या होत्या. म्हणाल्या, काका, विसरलात का? हिरवा ठेवायचा नसतो.

म्हणाल्या, प्रेमानं. अगदी ही रागवायची तशा—

३० ऑक्टोबर

खिडकीत माझ्या ऊन बसे,
मांजर

मागचं पान उघडलं. ओळी आहेत. वाचता येतात. पण ह्या कुणी म्हणायच्या, तो आवाज नाही. भिंत आठवते. भिंतीपलीकडं काय होतं?

२ नोव्हेंबर

लेकीचा फोन आला. मी म्हटलं, मला इथून ने. ती म्हणाली, बाबा, तुमचं काळजी करण्यासारखं दिसतंय, मी येते, आठ दिवस राहते, काकूंनी शेजारची खोली झाडून ठेवलीय. काकू किती गोड बोलतात हो फोनवर. आईची आठवण होते.

नको म्हटलं. येऊ नकोस, तूच नको येऊस. बरंच ओरडलो.

तेवढ्यानं तर तिचं यायचं पक्कं झालं.

५ नोव्हेंबर

हिच्या झाडाची सगळी पानं पांढरी. कुंडीत पाटी. कारकून.

शेजारी नवी कुंडी भरून ठेवलीय. काडी लावली नाही अजून. पाटी कोरी आहे.

ती कोरी पाटी कुणासाठी, ते मला— आत्ता माहीत होतं. बसल्या जागी गेलं.

७ नोव्हेंबर

आज ती मुलगी येणार. ती फाटकातून आत आली की सांगायचं, थांबू नकोस, वास घेऊ नकोस, उलट्या पावली जा. हे लिहून ठेवतो म्हणजे राहील.

आली. पण माझ्याकडं नाही आली. बागेत आहे, काकू तिच्याबरोबर. खिडकी उघडत नाही, बाहेरून अडसर घातलाय. दारही. काचेतून ऐकू येतं. काकू कविता म्हणताहेत, थांबत थांबत, आणि ती मुलगी रडतेय, हसतेय. आई अशीच म्हणायची, म्हणतेय.

तिला हाक मारायला हवी. नावानं मारली तरच वळेल, नुसत्या ओरडण्याला ती हल्ली— काच ठोकली. वळली नाही. काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवलाय.

नाव. मागची पानं उलटली. पहिल्या पानापासून. ठमी, ठमी असं काहीतरी जागोजागी लिहिलंय. एखाद्या झाडाची जात असावी. त्याचा इथं काय उपयोग, मला तिचं नाव हवंय—

वाकली ती. फुलाजवळ. केस बाजूला करून—

काकू इकडं बघताहेत आणि मला हळूच