तम्माचं लुगडं

५ जानेवारी, सोमवार
प्राजूचा सातवा संपत आला आणि गोधडीला अजून सुरुवात नाही. तीस वर्षं शाळेत पोरींना शिवण शिकवलं, आणि स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणाला ही धांदल. आज सासूबाईंपुढं जाऊन बसले. म्हटलं, आत्या, बाळासाठी जुनी लुगडी लागतील.
"ट्रंक उगड की. मला आता काय करायचं हाय त्येचं? काय पायजे ते घे."
दु. ट्रंक उघडली. कडुनिंबाच्या पाल्याचा नुसता भुगा. तीन जुनेरं निघाली, तिन्हींना दंड घातलेला. मधला विरलेला भाग कापून काढायचा, दोन्हीकडची धड टोकं जोडायची, की लुगडं अजून दोन वर्षं चालतं. दंडाचे टाके आत्यांच्याच हातचे. मशीनवर मला असे येत नाहीत. एक जुनेर गालाला लावून बघितलं, सायीसारखं मऊ. तान्ह्या बाळाला हेच हवं, नवं कापड टोचतं.
तळाला पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गठुडं. सोडलं. इरकल! वांगी रंग, लाल रेशमी पदर, घडीसुद्धा मोडलेली नाही. अंगाला सूत, पदराला रेशीम, आणि दोन्हींचा जोड विणतानाच घातलेला. असलं काम आता बघायला मिळत नाही. मांडीवर घेऊन किती वेळ बसले कुणास ठाऊक. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, वरणाची खीर झाली.

८ जानेवारी, गुरुवार
कापलं. पदर गोधडीच्या मधोमध, काठ चारी बाजूंनी. बाकीचं अंग खळीनं कडक आहे, ते नको.
एका कोपऱ्यापासून धावदोरा धरला, कडेकडेनं आत. चार फेऱ्या झाल्या. मधला पदर आधीच टाचून घेतला, सरकू नये म्हणून.
जुन्या कापडांच्या ग्रुपवर फोटो टाकला. दिवसभर बदाम येत होते. फुगले, खोटं कशाला बोला.
हे एमआयडीसीतून येताना टॉवेलचे कटपीस घेऊन आले, लंगोटांना. म्हणाले, "तुझ्या त्या राजेशाही गोधडीखाली आमचा टॉवेल चालेल ना?"

११ जानेवारी, रविवार
कोपऱ्यावरच्या शिंदेकाकू गेल्या. मोहोळहून भाऊ साडी घेऊन येईपर्यंत थांबले होते सगळे. माहेरची साडी अंगावर पडल्याशिवाय बाईला कसं उचलायचं.
आत्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या. एका डोळ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही अंधुकच दिसतं, दुसरा गेलेलाच. पण कान शाबूत. सगळं झाल्यावर मला जवळ बोलावलं.
"माजं कोन आननार? तम्मा तर ग्येला."
तम्मा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. माहेर सीमेपलीकडं, घरात कानडी, धाकट्या भावाला तम्माच म्हणतात.
"पर मी सोय करून ठिवलीया. ट्रंकंच्या तळाला गठुडं हाय. तम्मानं शेवटच्या पंचमीला आनल्यालं. मी ग्येले की त्येच घाल. दुसरं नको."
मी "हो" म्हणाले. जराही न अडखळता हो म्हणाले.
इथं कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. त्या दिवशी गाठ सोडताना हात थांबला होता. तीन जुनेरं उघडी आणि एकच बांधलेलं, हे कळायला डोळे लागतात का? कळलं होतं. पण "काय पायजे ते घे" हे वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. बाळाला त्या पदराची काही गरज नव्हती. मला हवा होता.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
तिळगूळ झाला, आणि आत्या म्हणाल्या, "वाकळ आन बगू."
नेली. मधला भाग आत दुमडून, वरून हात ठेवून. आत्या बोटांनी बघतात. एकेका तुकड्यावर हात फिरवून सांगत गेल्या. हे थोरल्याच्या बारशाचं. हे नेसून खुरपायला जायची. हे माझ्या सासूनं दिलेलं, "दिताना लई तोंड वाकडं केलतं." प्राजू हसून हसून पोट धरत होती.
"मदी काय घातलंयस?"
"अजून ठरलं नाही, आत्या."
चोराच्या मनात चांदणं. त्यांना काही संशय नव्हता, पण मी दुमड अजून आत सारली.
सं. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "सांगू नको तिला. असलंच दुसरं आण आणि गठुड्यात बांधून ठेव. तिला दिसतंय कुठं?"
सख्खा मुलगा, पण आईची बोटं माहीत नाहीत.

१७ जानेवारी, शनिवार
तरी गेलेच. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीनं रिक्षा सात रस्ता चौकाच्या पुढं जाईना, उतरून चालत. तीन दुकानं पालथी घातली. इरकल आहे, वांगी रंग आहे, पदर मात्र नकली रेशमाचा, हातातून गुळगुळीत सटकतो. दुकानदार म्हणाला, "तसलं आता येतच न्हाय की ओ बाई."
मग रफूवाल्या चाचांकडं. सकाळीच गोधडीतून उसवलेला पदर, काठ आणि बाकीचे तुकडे पिशवीतून काढून मांडले. त्यांनी पदर उन्हात धरला, काठाला काठ लावून बघितला.
"सूत का जोड मैं ऐसा डालतूँ बाजी, आँख को नहीं दिखता. पन किसके वास्ते है?"
सांगितलं. सगळंच सांगितलं, का कुणास ठाऊक. त्यांनी चष्मा काढून ठेवला.
"फिर ये मेरा काम नहीं. जिसका है उसकू पूछ के आव."
तुकडे घडी करून परत दिले. मला राग आला त्यांचा. घरी येईपर्यंत टिकला, मग गेला.

१९ जानेवारी, सोमवार
उसवलेला पदर धुऊन बघितला. रेशीम भोकं विसरत नाही. सुती कापड पाण्यात घातलं की टाक्यांची भोकं बुजतात, रेशमावरची जिथल्या तिथं. उजेडात धरला तर ओळीच्या ओळी.
प्राजू शेजारी येऊन बसली. तिला ह्यांच्याकडून कळलंच होतं.
"आई, शेवटच्या साडीचा पदर बाळाखाली घालणार होतीस तू."
"मला माहीत नव्हतं गं."
"आता आहे ना? मग आजीला सांग. नाही सांगितलंस तर मी ही गोधडी नेणार नाही."
पदर आता ना इकडचा ना तिकडचा. बाळाला घालता येत नाही, लुगड्याला लागत नाही. माझी लेक मला शहाणपण शिकवते.

२१ जानेवारी, बुधवार
सांगितलं.
सकाळी उन्हाला बसल्या होत्या. तुकडे मांडीवर ठेवले, म्हटलं, आत्या, हे तम्मामामांचं. आधी हसल्या, लुगडं बघायला दिलं असं वाटलं. घडी उलगडायला गेल्या आणि बोटं कडेवर आली. कडेवरून दोनदा हात फिरवला.
"कातरीनं?"
"हो."
"माज्यासंगं व्हय म्हनलीस की तू. शिंद्याची बाई ग्येली त्या दिशी."
"हो."
तुकडे मांडीवरून उचलून माझ्या हातात दिले आणि तोंड भिंतीकडं केलं. मी चूक पकडलेल्या पोरीसारखी उभी राहिले. मग आत जाऊन भांडी घासली, घासलेली परत घासली.
चहा माझ्या हातचा घेतला नाही. प्राजूच्या हातचा घेतला.

२४ जानेवारी, शनिवार
चौथा दिवस. माझ्याशी बोलत नाहीत. भाकरी मी करते, वाढते प्राजू. घरात तिघंचौघं असून आवाज फक्त मिक्सरचा.
आज धीर करून म्हणाले, आत्या, मी जोडते. बारीक दंड घालते, हातानं, तुमच्यासारखा. काठसुद्धा जुळवते.
बोलल्या. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.
"सुनंदे, दंडाची लुगडी मी जलमभर नेसले. लग्नातलं बी वरसात फाटलं. मेल्यावर तरी एक अखंड पायजे हुतं."
तीन जुनेरांवरच्या त्या टाक्यांचं मी कौतुक करत होते. ग्रुपवर त्यांचा वेगळा फोटो टाकला होता, "काय ही कला!" असं लिहून. त्या कला करत नव्हत्या. नेसायला दुसरं नव्हतं.
फोटो काढून टाकला. वरातीमागून घोडं.

२७ जानेवारी, मंगळवार
कुणाला न सांगता आत्यांच्या माहेरी जाऊन आले. फक्त प्राजूला माहीत. एसटीनं अक्कलकोट, पुढं वडापची जीप. माझ्या मांडीवर दुसऱ्याचं पोतं.
तम्मामामांचा मुलगा शरणप्पा. मामांच्या दहाव्याला बघितला होता, त्यानंतर आजच. मेंढरं वाड्यात कोंडत होता. ओळख सांगितली तर हातातली काठी तशीच.
"अत्ती हायती अजून?"
हायती म्हटलं. त्यांच्यात आत्याला अत्ती म्हणतात. त्यानं ओशाळून काठी खाली ठेवली. "अप्पाच्या दहाव्यानंतर तुमी न्हाय आला, आमी बी न्हाय."
खरं आहे. एक फोन करायला काय झालं होतं? मीच करायला हवा होता, ह्यांच्या भरवशावर राहिले.
त्याच्या बायकोनं बशीतून चहा दिला. सगळं सांगितलं. तो जमिनीकडं बघत ऐकत होता.
"आनतो म्हनलं तरी, जित्या मानसाला असलं आनून द्यायचं, बरं दिसतंय का वैनी?"
"त्यांनी मागितलं नाही. मी मागते."
"बगतो की."
बघतो म्हणजे काय ते मला कळतं. परतीच्या एसटीत डोळे मिटून बसले होते. घरी आत्या म्हणाल्या नाहीत, कुठं गेलतीस. मीही सांगितलं नाही.

२९ जानेवारी, गुरुवार
काही नाही. दोन फेऱ्या शिवल्या, मधली जागा सोडून. फोन वाजला की धावते. विम्यावाले.

१ फेब्रुवारी, रविवार
शरणप्पा आला. सकाळी दहाला, मोटारसायकलवर, हँडलला प्लॅस्टिकची पिशवी.
"अत्ती," म्हणाला आणि पाया पडला. आत्यांनी त्याचं तोंड चाचपलं. कपाळ, नाक, मग कानाशी हात थांबला. "कान तम्माचेच." आणि मग कानडी सुरू झाली. अर्धा तास. मला निम्मं कळलं, त्यातलंही निम्मं मेंढरांबद्दल. आत्या इतकं भराभर बोलतात हे मला माहीत नव्हतं. मराठीत त्या शब्द शोधत होत्या आणि आम्ही त्यांना अबोल म्हणत होतो.
मग त्यानं पिशवीतून साडी काढली. नारिंगी. चकचकीत. पॉलिस्टर, कागदाचं लेबल अजून चिकटलेलं. मशीनवर झाकायलासुद्धा मी असलं कापड घेतलं नसतं. माझ्याच मागण्यावरून आलं होतं आणि तरी मनात आधी हेच आलं, बघा.
"सुनंदे, एक टोक धर."
आठ दिवसांनी माझं नाव. धरलं. आत्या काठाकाठानं बोटं फिरवत माझ्यापर्यंत आल्या, मग दुसऱ्या काठानं परत गेल्या. घाई नाही. शरणप्पा बिचारा अवघडून उभा.
"अखंड हाय."
मी म्हणाले, "आत्या, सहावारी आहे पण ही."
"मेल्यावर काय कासोटा घालायचाय मला?"
आणि हसल्या. शरणप्पा हसला, हे हसले, प्राजू तर हसत खाली बसलीच. मला रडू आलं. सगळ्यांसमोर, टोक हातात धरून.
साडी घडी करून त्यांनी ह्यांच्या हातात दिली. "बापू, तू ठिव ट्रंकंत." माझ्या हातात नाही. बरोबर आहे.
शरणप्पा जेवून गेला. पंचमीला येतो म्हणाला.
दु. आत्या एकट्या होत्या. कपाटातून लाल पदर काढून त्यांच्यापुढं धरला. गोधडीचं मधलं उघडंच आहे, प्राजूला दीड महिना राहिलाय. विचारलं, आत्या, मग ह्याचं काय करू?
हात पुढं केला. पदर घेतला, भोकांच्या ओळीवरून अंगठा फिरवला, परत दिला.
"तू कापलंस. तूच बग."
रागानं म्हणाल्या की मोकळं केलं, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.